केसाने गळा कापण्याचा धंदा



हदगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला जा. गडी माणसे शेताकडे निघालेली असतात, बायांची धुणीभांडी चाललेली असतात आणि गल्लीतून आरोळी येते, "डोस्क्याचे केसंऽऽ, केसावर भांडेऽऽ!" मोटारसायकलच्या मागे गोणी बांधलेली असते, पुढे स्टीलच्या वाट्या, चहाच्या गाळण्या, पोरांसाठी फुगे. मग दाराच्या वरच्या कोनाड्यातून, पत्र्याखालच्या फटीतून, जुन्या पावडरच्या डब्यातून बाया गुंतवळ काढून आणतात. सहा-आठ महिन्यांची गुंतवळ. तो ती मुठीत दाबतो, अंदाज घेतो आणि एक वाटी पुढे करतो. बाई म्हणते, मोठी दे. तो म्हणतो, एवढ्याला नाही परवडत. शेवटी एका वाटीबरोबर एक फुगा देऊन सौदा तुटतो.

आमच्या आज्या गुंतवळीवर थुंकून ती वळचणीला खोचायच्या. कोणी करणी करील, केस घरात पडले तर भांडण होईल, अशी भीती असायची. ती भीती आता गेली. केसाला भाव आहे हे बाईला कळले. यात वाईट काही नाही. जी वस्तू कचऱ्यात जात होती तिचे चार पैसे झाले तर कोणाच्या पोटात दुखायचे कारण नाही.

तरीही आज आम्ही केसांवर लिहायला बसलो आहोत, त्याला कारण घडले.

बॅगेचे पैसे

२०२४ च्या पावसाळ्यात बैठकीसाठी आम्ही पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात गेलो होतो. मृगाच्या पहिल्या पावसावर कापूस टोबला, मग पावसाने ओढ दिली आणि निम्मे रान मोड झाले, असे घरोघरचे रडगाणे. ज्या घरी आमचे जेवण होते तिथल्या सूनबाई डोक्यावरचा पदर जरा जास्तच पुढे ओढून वाढत होत्या. पदर सरकला तेव्हा दिसले, केस मानेपर्यंत कापलेले. आम्हाला वाटले काही नवस असेल, नाही तर आजार. सासूबाईंनीच सांगितले. दुबार पेरणीला बियाणे आणायचे होते. सोसायटीचे कर्ज थकलेले, दुकानदार आधीची उधारी मागतो. गुंतवळवाल्याने वेणी पाहून ठेवली होती. कंबरेपर्यंतची वेणी, दीड हजार रुपये रोख.

त्या वर्षी सरकीच्या बियाण्याच्या एका बॅगेवर, म्हणजे ४७५ ग्रॅमवर, छापील किंमत होती ८६४ रुपये. दीड हजारात दोन बॅगाही आल्या नाहीत. वरचे सव्वादोनशे शेजारणीकडून हातउसने आणले.

आम्ही गप्प बसलो हे पाहून त्या बाईच म्हणाल्या, "केसं काय भाऊ, येतेत परत. पेरणीचा वखत गेला तर येते का परत?"

या वाक्याला उत्तर द्यायला आमच्याकडे शब्द नव्हते. शेतीची पदवी आम्हीही घेतली. मातीचा सामू, नत्राची मात्रा, फुलकिड्याची आर्थिक नुकसानीची पातळी, सगळे पाठ केले. पण एका एकरासाठी किती इंच वेणी लागते हे आम्हाला कोणत्याही पुस्तकात शिकवले नव्हते.

आणि हे एकट्या हदगावचे नाही. जानेवारी २०२० मध्ये तामिळनाडूतल्या सेलमची बातमी देशभर छापून आली होती. नवऱ्याने कर्जापायी जीव दिला, तीन लेकरे उपाशी, म्हणून एका आईने डोक्यावरचे सगळे केस १५० रुपयांना विकले. चार दिवस लोकांनी हळहळ केली, कोणी मदतही पाठवली. पुढे सगळे विसरले. कर्ज का झाले, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

जोडधंदा नावाचे औषध

शेतकऱ्याला तोटा होतो हे आता कोणी नाकारत नाही. नाकारता येत नाही. म्हणून नवी युक्ती निघाली आहे. तोटा का होतो ते विचारायचे नाही; विचारायचे, तुम्ही जोडधंदा का करत नाही? शेळ्या पाळा. कोंबड्या पाळा. मधमाश्या पाळा. रेशीम करा. गांडूळ करा. आता मोबाइलवर सल्ला फिरतो, घरबसल्या पैसे मिळवा, केस वाढवा आणि विका.

आम्हीही एके काळी हे औषध वाटत फिरलो आहोत, हे आधी कबूल करतो. नोकरीत असताना गावोगावच्या मेळाव्यात खुर्चीवर बसून आम्ही सांगत होतो की दोन शेळ्या घ्या म्हणजे मुलीच्या लग्नाचा प्रश्न सुटतो. शेळी चांगली, कोंबडी चांगली, रेशीमही चांगले. चुकले ते इतकेच की, मुख्य धंदा तोट्यात का जातो या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही शेळी दाखवत होतो. किराणा दुकानदाराला कोणी सांगते का, की दुकानात तोटा येत असेल तर कोंबड्या पाळ? साखर कारखान्याच्या अध्यक्षाला, बँकेच्या साहेबाला, सूतगिरणीच्या मालकाला कोणी सांगते का, की तुमच्या ताळेबंदात खोट आहे तर बायकोचे केस विका? त्यांच्यासाठी पुनर्रचना असते, व्याजमाफी असते, पॅकेज असते. आमच्यासाठी जोडधंदा.

जोडधंद्याची ही यादी नीट पाहा. आधी म्हणाले, जित्राब विका. मग म्हणाले, मजुरीला जा, ऊसतोडीला जा, म्हणजे अंगातले बळ विका. आता अंगावरचे केस. यादी संपत नाही कारण शेतीतले भोक बुजवलेले नाही. वरून कितीही पाणी ओता, रांजण भरत नाही.

चला, हिशेब करू

आपली चळवळ उत्पादनखर्चाच्या हिशेबावर उभी राहिली. तेव्हा केसांचाही हिशेब मांडू या. पाटी-पेन्सिल घ्या.

माणसाच्या डोक्यावरून रोज ५० ते १०० केस आपोआप गळतात. मधला आकडा धरू, ७०. हात-दीड हात लांबीचा, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरचा एक केस अडीच मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. ७० केसांचे झाले १७५ मिलिग्रॅम. ३६५ दिवसांचे सुमारे ६४ ग्रॅम. यातला निम्मा भाग शेतात, न्हाणीत, उशीवर जातो. फणीत सापडतो तो निम्मा. म्हणजे एका बाईची वर्षाची गुंतवळ सुमारे ३० ग्रॅम. एक किलो गुंतवळ जमायला तीस-बत्तीस बायांनी वर्षभर केस विंचरावे लागतात.

हिशेबासाठी किलोचा भाव ३००० रुपये धरू. ३० ग्रॅमचे झाले ९० रुपये. वर्षाला नव्वद रुपये. ही झाली जोडधंद्याची कमाई, तीही नगदी मिळाली तर. वाटी मिळाली तर किती, ते घरोघरी वाटी तोलून पाहावे.

आता दुसरी बाजू. अडीच एकर कोरडवाहू, दहा क्विंटल कापूस. सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये हमीभाव जाहीर केला. शेतकऱ्याला घरखर्चासाठी घाई असते, खासगी व्यापारी दारात येतो आणि हमीभावापेक्षा पाचशे रुपये कमी देतो असे धरू. दहा क्विंटलला पाच हजारांचा फटका, एका हंगामात. हे पाच हजार गुंतवळीतून भरून काढायचे तर एका बाईला किती वर्षे केस विंचरावे लागतील? पाच हजाराला नव्वदने भागा. पंचावन्न वर्षे!

एका हंगामात, एका सहीने गेलेला पैसा भरून काढायला बाईचा जन्म पुरत नाही. दात कोरून पोट भरत नाही असे आपले वाडवडील सांगून गेले. केस विंचरूनही भरत नाही.

कापलेल्या वेणीचा भाव जास्त, हे खरे. पण तिचाही उत्पादनखर्च काढा. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला पंधरा सेंटिमीटर. हात-दीड हाताची वेणी यायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. कापूस सहा-सात महिन्यांत घरात येतो, तूर आठ महिन्यांत. हे पीक चाळीस महिन्यांचे. आणि त्याला खत काय लागते? केस म्हणजे सगळे प्रथिन. वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास त्यात नत्र असते. लिंबाच्या बुडाशी केस पुरण्याची जुनी रीत उगीच नव्हती. हे प्रथिन बाईच्या ताटातून येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसून आले. जिच्या अंगात रक्त नाही तिचे केस अधिक गळतात. म्हणजे गोणी भरते ती काही अंशी तिच्या उपासाने भरते. गुंतवळ वाढली म्हणून खूश होणाऱ्या बाईने आधी ताटात डाळ किती आहे ते पाहावे.

गोणी कुठे जाते?

मोटारसायकलवाल्यावर राग धरू नका. बहुतेक वेळा तो आपल्याहून गरीब असतो. जमीन नाही, घर नाही. उन्हातान्हात दहा गावे फिरतो आणि शहरातल्या ठोक व्यापाऱ्याला माल घालतो. त्याच्या हाती सुटते ते दिवसाच्या मजुरीइतके.

गोणी पुढे जाते कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला, पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बेलडांग्याला. तिथे आपल्यासारख्याच गोरगरीब बाया जमिनीवर बसून सुईसारख्या काडीने गुंतवळीचा एकेक केस सोडवतात. मग धुणे, खिळ्यांच्या फणीवरून ओढणे, लांबीप्रमाणे निवडणे, जुड्या बांधणे. पुढे माल चीनला जातो. हेनान प्रांतातले श्यूचांग शहर केसांच्या टोपांसाठी जगात ओळखले जाते. तिथून टोप आणि गंगावने अमेरिकेत, युरोपात, आफ्रिकेत. आपल्या जत्रेत टांगलेले गंगावन आणि न्यूयॉर्कच्या दुकानातला टोप एकाच कुळातले. आंध्रातल्या तिरुमलाच्या देवस्थानात भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि त्याचे वर्षाला शंभर कोटी रुपयांपेक्षा अधिक उत्पन्न होते. देवाला वाहिलेल्या केसांबद्दल आमची तक्रार नाही. सांगायचे इतकेच की, लिलावात तोलून विकला तर केस कोट्यवधींचा माल आहे आणि आमच्या दारात मुठीने मोजला तर वाटीचा.

हा प्रवास ओळखीचा वाटत नाही का? आमचा कापूस असाच गेला. सरकी वेगळी झाली, गाठ झाली, सूत झाले, कापड झाले, कपडा झाला. प्रत्येक पायरीवर किंमत वाढली आणि सगळ्यात खालच्या पायरीवरचा, ज्याने पऱ्हाटीला पाणी नसताना घाम घातला, तो तोट्यात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून नांदेड-४४ हा वाण निघाला. या वाणाने देशभरच्या कोरडवाहू रानात पांढरे सोने पिकवले. त्याच नांदेडची कापडगिरणी बंद पडली आणि तो वाण लावणारा शेतकरी कर्जात बुडाला. वाण चांगला असून चालत नाही. बाजार मोकळा लागतो.

केसांवरही निर्यातबंदी

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हा मुद्दा ऐकून बैठकीत पुष्कळांना खरे वाटत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या मानवी केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. तोपर्यंत निर्यात मोकळी होती. त्यानंतर परवाना लागू लागला. मार्च २०२४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. कच्च्या केसांची निर्यात निषिद्ध ठरवली. किलोला ६५ डॉलर किंवा त्याहून अधिक भाव असेल तरच मोकळीक.

म्हणजे पाहा. कापसावर बंदी घालून झाली, एप्रिल २०१० मध्ये आणि पुन्हा मार्च २०१२ मध्ये. कांद्यावर ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठवली. गव्हावर घातली, तांदळावर घातली. आता बाईच्या फणीतल्या गुंतवळीवर!

सरकारची बाजूही मांडतो, कारण विरोधकाचा युक्तिवाद दडवून वाद जिंकण्याची आपली रीत नाही. सरकार आणि केसांचे कारखानदार सांगतात की, कच्चा माल बाहेर गेला तर इथल्या बायांचे काम जाते. तो कमी किंमत दाखवून, मिझोराममार्गे म्यानमारमध्ये चोरट्या वाटेने जातो, सरकारचा पैसा बुडतो. पक्का माल करून पाठवला तर देशाला अधिक डॉलर मिळतील.

ऐकायला गोड आहे. शंभर वर्षे कापसाबद्दल हेच ऐकतो आहोत. पक्का माल करण्याला आमचा विरोध कधीच नव्हता. भाग्यनगरच्या आणि बेलडांग्याच्या बायांना काम मिळावे, चांगली मजुरी मिळावी, ही आमचीही इच्छा आहे. पण कारखानदाराला कच्चा माल हवा असेल तर त्याने चिनी व्यापाऱ्यापेक्षा एक रुपया अधिक देऊन घ्यावा. तेवढे देण्याची त्याची तयारी नाही, म्हणून तो दिल्लीला जातो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला दारातून हाकलायला लावतो. गिऱ्हाईक एक उरले की भाव कोण ठरवणार, हे कापूसवाल्याला शिकवायला नको.

आणि ६५ डॉलरची मेख कुठे मारली आहे तेही पाहा. वेणीचा लांब, मुळे एका बाजूला असलेला केस महाग असतो. देवस्थानांचा चांगला माल याच जातीचा. गुंतलेली, आखूड, मिसळलेली गुंतवळ स्वस्त. किंमत कमी असेल तर बाहेर पाठवू नका, या नियमाचा मार महाग मालाला बसत नाही. तो बसतो स्वस्त मालाला, म्हणजे वळचणीतल्या गुंतवळीला. ६५ डॉलरचा हा भाव निर्यातीच्या बंदरावरचा आहे; बाईच्या दारात किती द्यावे याबद्दल त्या कागदात एक शब्द नाही. वरच्या टोकाला भिंत घातली, खालच्या टोकाला आधार दिला नाही.

चोरटा व्यापार होतो म्हणता? तो कशाने होतो? १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, तेव्हा आपला स्वतःच्या रानातला कापूस सीमेपलीकडे आदिलाबादकडे नेणे हा गुन्हा होता. पलीकडे भाव जास्त, अलीकडे नाका. शेतकरी रात्री गाड्या जुंपायचा आणि घरचा माल घेऊन चोर ठरायचा. चोर तो नव्हता, कायदा त्याला चोर करत होता. बंदी घातली की चोरवाट पडते, हा बाजाराचा नियम आहे. चोरवाट बुजवायची तर रस्ता मोकळा करावा. नाक्यांची संख्या वाढवून भागत नाही.

एक हात केसावर, दुसरा कापसावर

कोणी म्हणेल, नव्वद रुपयांच्या गुंतवळीसाठी एवढा कागद कशाला खर्च करता? नव्वद रुपयांसाठी नाही. हे धोरण एकाच डोक्यातून निघते, म्हणून. केसावर जे केले तेच कापसावर. जेव्हा बाहेर भाव चढतो तेव्हा निर्यात थांबवायची. जेव्हा इथे भाव चढण्याची शक्यता दिसते तेव्हा आयात मोकळी करायची. १९ ऑगस्ट २०२५ रोजी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सांगितले ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवली ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्या वेचणीचा आणि विक्रीचा काळ. कारण दिले, गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा. गिरणीला स्वस्त म्हणजे शेतकऱ्याला स्वस्तात विकायला लावणे, हे उघडपणे कोणी म्हणत नाही.

मग सांगतात, हमीभाव आहे ना! आहे. त्यासाठी मोबाइलवर नोंदणी करा, केंद्रावर रांग लावा, ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापू, बाराच्या वर गेला की गाडी परत. आमच्या कापसातला ओलावा टक्क्याच्या अंशापर्यंत मोजणारे यंत्र देशात आहे. आमच्या घरात किती पाणी मुरते ते मोजणारे नाही.

शेतकऱ्याला सबसिडी देतो असा डांगोरा पिटला जातो. गॅटच्या वाटाघाटींत भारत सरकारनेच दिलेल्या आकड्यांत १९८६ ते १९८८ या काळातला पिकांचा आधार उणे निघाला होता. पुढे २०१८ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने दिल्लीच्या संशोधन संस्थेबरोबर हिशेब केला. २००० ते २०१६ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के भरला. म्हणजे खताचे, विजेचे सगळे अनुदान जमेला धरूनही, बाजारात हात घालून सरकारने दिल्यापेक्षा अधिक काढून घेतले. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे असतात म्हणतात. इथे जिवंत टाळूवरचे केसही सोडले नाहीत.

लाज कोणाला वाटावी?

शहरातले काही भले लोक म्हणतात, बाईने केस विकावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, स्त्रीत्वाची विटंबना आहे. त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो, केस तिचे आहेत. ठेवायचे की कापायचे, विकायचे की वाहायचे, हे तिने ठरवावे. या महाराष्ट्रात विधवेचे केस तिला न विचारता उतरवत होते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी, आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निर्धार केला, तेव्हा लाज कोणाला वाटली पाहिजे हे ठरले होते. बाईच्या डोक्यावर तिच्या इच्छेविरुद्ध वस्तरा चालवणे ही लाज. तेव्हा वस्तरा रूढीचा होता, आज कर्जाचा आहे.

युरोपातही हे झाले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातल्या शेतकऱ्यांच्या पोरी जत्रेत केस कापून द्यायच्या आणि त्या बदल्यात छिटाचा तुकडा, रुमाल घेऊन घरी जायच्या. पॅरिसच्या बाया ते केस डोक्यावर मिरवायच्या. आज तिथल्या शेतकऱ्याची पोर छिटासाठी केस देत नाही. कोणी उपदेश केला म्हणून ते थांबले नाही. घरात पैसा आला, म्हणून केस डोक्यावर राहिले. आमच्याकडेही तसेच होईल, दुसरा मार्ग नाही.

तेव्हा, ज्यांना आमच्या सुनेचे कापलेले केस पाहून वाईट वाटते, त्यांनी तिच्या कापसाच्या भावाबद्दल बोलावे. तिच्याबद्दल हळहळ नको. तिच्या रानावर हात घालणे थांबवा, एवढेच पुरे.

बैठकीत काय करायचे?

जिल्हा बैठकीत या विषयावर बोलणे व्हावे, नुसती चर्चा नको. आम्ही पुढील गोष्टी मांडणार आहोत.

एक. गुंतवळ मुठीने विकू नका. गावातल्या बचत गटाने ती एकत्र करावी, सोनाराच्या नाही तर किराण्याच्या काट्यावर तोलावी, किलो झाली की दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारून रोखीने विकावी. भांडे हवे असेल तर त्या पैशातून दुकानातून घ्यावे. कापूस काट्याशिवाय देत नाही, मग केस का द्यायचे? यातून कोणी श्रीमंत होणार नाही, हे वर हिशेबाने दाखवलेच आहे. पण तोलून विकण्याची सवय ही आर्थिक स्वातंत्र्याची पहिली इयत्ता आहे. रानडुकरांसाठी धुऱ्यावर टाकायचे केस न्हाव्याच्या दुकानातून आणा, घरची गुंतवळ त्यात घालू नका.

दोन. हे पैसे बाईचे. घरच्या गड्याने त्यावर हात टाकू नये. १९८६ मध्ये चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आपल्या तालुक्यात किती सातबाऱ्यांवर बाईचे नाव आहे, याची मोजणी प्रत्येक गावाने बैठकीला आणावी. वेणी तिची आणि बॅग टोबायची त्याच्या नावावरच्या रानात, हा हिशेब जमत नाही.

तीन. कच्च्या केसांवरची निर्यातबंदी आणि किमान निर्यात किंमत उठवावी, असा ठराव करावा. त्याच ठरावात कापसाचा उल्लेख हवा: वेचणीच्या काळात आयात शुल्काशी खेळ नको, निर्यातीला कुलूप नको. दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्हीतले नाते कळेल.

चार. यापुढे कोणीही गावात येऊन जोडधंद्याचे व्याख्यान देऊ लागला, तर त्याला हार घालण्याआधी पाटी द्यावी. आधी एक एकर कोरडवाहू कापसाचा आणि एक एकर ज्वारीचा जमाखर्च मांडून दाखवा म्हणावे. नांगरट, बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी, जमिनीचा खंड, व्याज, सगळे धरून. हमीभाव काढताना यातले स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज सरकार बाहेर ठेवते, हेही त्याला सांगावे. बेरीज उणे आली तर आधी त्या उण्याबद्दल बोलू. शेळ्यांचे नंतर पाहू.

त्या घरी आम्ही यंदा पुन्हा गेलो होतो. सूनबाईंचे केस खांद्याखाली आले आहेत. गुंतवळवाला पुन्हा विचारून गेला, अजून वाढू द्या म्हणाला. सासूबाईंनी त्याला दारातूनच सांगितले, "औंदा कापसाला भाव भेटला तर ही वेणी तुला दिसायची नाही, बाबा."

भाव भेटला तर! सगळी लढाई या एका "तर"ची आहे. शेतकऱ्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असे निवडणुकीच्या सभेत सांगणारे पुढारी पुष्कळ झाले. केसांचे काय झाले ते आपण पाहिले. आता त्यांच्या भरवशावर राहायचे नाही. बैठकीला या, बायांना घेऊन या, आणि येताना हिशेबाची वही विसरू नका.